यंत्रखेळाच्या पेटीतील हरवलेला संकेतार्थ

साहित्याच्या अभ्यासकांसमोर मुलांच्या खेळण्याच्या एका पेटीविषयी लिहावयास बसणे हे काहीसे धारिष्ट्याचे काम आहे, याची प्रस्तुत लेखकाला जाणीव आहे. नट-बोल्ट आणि भोके पाडलेल्या पट्ट्या यांचा भारतीय वाङ्मयांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला तर तो अगदी स्वाभाविक म्हणावा लागेल. परंतु या पेटीच्या निमित्ताने जो प्रश्न मला गेले वर्षभर छळतो आहे तो यंत्राचा नसून भाषेचा, किंबहुना गद्याचा आहे, आणि म्हणूनच तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

झाले असे. माझ्या नातवाला त्याच्या नवव्या वाढदिवशी मी एक यंत्रखेळाचा संच आणून दिला. धातूच्या पट्ट्या, काटकोनात वळवलेले तुकडे, आस म्हणून वापरावयाच्या सळ्या, कप्प्या, दातेरी चाके, मूठभर नट-बोल्ट, एक चपटा पाना आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत प्रारंभापासून अखेरपर्यंत चित्रेच चित्रे. पेटीवरील नाव सोडल्यास एक शब्द नाही. दोन दिवसांत त्याने क्रेन उभी केली. (आपले कोशकार तिला ‘यारी’ म्हणतात, पण हा शब्द त्याला ठाऊक नव्हता आणि मलाही कोशामुळेच ठाऊक आहे.) परंतु क्रेन वजन उचलीना. हँडल फिरवले की पट्ट्या वाकत आणि दोर जागच्या जागी राही. त्याने पुस्तिका पुन्हा उघडली, बराच वेळ चित्राकडे पाहिले, दोन चाकांची अदलाबदल केली आणि क्रेन सुरळीत चालू लागली.

‘‘चाकं बदललीस का रे?’’ मी विचारले.

‘‘हो आजोबा. लहान चाक हँडलला पाहिजे होतं आणि मोठं दोरीच्या रिळाला. मी उलटं लावलं होतं.’’

‘‘पण तसंच का पाहिजे?’’

‘‘चित्रात तसं आहे म्हणून.’’

या उत्तरावर हसण्याचा अधिकार मला नव्हता. कारण खरे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा माझीच जीभ अडखळली. प्रथम ‘गिअर रेशो’ हा शब्द तोंडात आला, मग ‘परिबल’ हा पारिभाषिक शब्द आठवला, आणि त्या दोहोंपैकी कोणत्याही शब्दाने मुलाच्या डोळ्यांत काही हालले नाही. चाळीस वर्षे मराठी गद्य शिकविणाऱ्या माणसाला दोन चाकांचा संबंध मराठीत सांगता येऊ नये, ही गोष्ट मला लागली.

या खेळाच्या जन्मकथेत थोडे शिरावे लागेल. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी हा मांस आयात करणाऱ्या एका पेढीतला हिशेबनीस. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. आपल्या मुलांसाठी तो पत्र्याच्या पट्ट्या कापून खेळण्यातले पूल आणि क्रेन बनवी. प्रत्येक नव्या खेळण्याला नवे तुकडे कापावे लागत. तेव्हा सर्व पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली तर तेच तुकडे पुन्हा पुन्हा जोडता येतील, ही कल्पना त्याला सुचली, आणि 1901 साली त्याने तिचे पेटंट घेतले. पेढीचे मालक डेव्हिड एलियट यांनी भांडवल दिले. खेळण्याचे पहिले नाव ‘मेकॅनिक्स मेड ईझी’, अर्थात ‘सुलभ यंत्रशास्त्र’, असे शालेय पुस्तकासारखे होते. ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव 1907 साली आले. भोकांमधले अर्धा इंचाचे अंतर तेव्हापासून आजवर बदललेले नाही. बिन्स रोडवरचा तो प्रसिद्ध कारखाना 1979 साली बंद पडला, नाममुद्रा अनेक हातांतून फिरली, पण अर्धा इंच तो अर्धा इंचच राहिला.

या अर्ध्या इंचात किती व्याकरण दडले आहे, हे पाहण्यासारखे आहे. मेकॅनोच्या संचात 19 दात्यांचे एक लहान चाक आणि 57 दात्यांचे एक मोठे चाक असते. ही दोन चाके बरोबर एक इंचावर, म्हणजे भोकांच्या दोन अंतरांवर, एकमेकांत गुंततात आणि लहान चाकाच्या तीन फेऱ्यांना मोठ्या चाकाचा एक फेरा होतो. त्याच 19 दात्यांच्या चाकाला 95 दात्यांचे चाक जोडावयाचे तर दीड इंच, म्हणजे तीन अंतरे. आणि फेऱ्यांचे प्रमाण पाचास एक. मोजके घटक, त्यांच्या संधीचे मोजके नियम, आणि त्यांतून अगणित रचना: व्याकरणाच्या अभ्यासकाला याहून ओळखीचे दुसरे काय असणार? या व्याकरणाची ताकद खेळण्यापुरती नव्हती. मँचेस्टर येथे डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी 1934 साली याच तुकड्यांतून विकलक समीकरणे सोडविणारे एक यंत्र उभे केले आणि ते अणूंच्या रचनेच्या गणितासाठी वापरले.

आता मुद्द्याकडे येतो. हॉर्नबीने इंग्रज मुलाच्या हाती केवळ पट्ट्या दिल्या नाहीत. 1916 साली त्याने ‘मेकॅनो मॅगझिन’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्यातून पूल, आगगाड्या, गोद्या, क्रेन यांविषयी मुलांना समजेल अशा गद्यात दशकानुदशके लिहिले गेले. ‘स्टँडर्ड मेकॅनिझम्स’ नावाचे एक पुस्तकही निघाले; त्यात कोणते चाक कोठे वापरावे आणि का वापरावे याचे विवरण होते. म्हणजे त्या पेटीच्या पाठीशी एक गद्य उभे होते. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत सुखवस्तू घरांत ही पेटी आली, पुढे ‘मेकॅनिक्स’सारखे देशी संच मध्यमवर्गीय घरांत पोचले, परंतु पेटी आली आणि गद्य मागे राहिले. भारतातील मुलाला खेळाचा देह मिळाला, वाणी मिळाली नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. शब्दावाचून चालणारी पुस्तिका हा या खेळाचा गुणच आहे. ज्या देशात बावीस भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत, तेथे चित्र हीच सर्वांची समाईक भाषा. शिवाय ज्याला वाचता येत नाही तो मुलगाही खेळू शकतो. हे सर्व मान्य. क्रेन उभी करण्यापुरते चित्र पुरेसे आहे. परंतु या खेळाचा उद्देश क्रेन उभी करणे हा आहे की यंत्रशास्त्र समजणे हा आहे, हे एकदा ठरविले पाहिजे. कारण चित्राला एक गोष्ट करता येत नाही. चित्र ‘असे’ सांगते. ‘असे नसते तर’ हे चित्राला सांगता येत नाही.

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे जे अर्थ सांगितले आहेत त्यांची येथे आठवण होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. निःशब्द पुस्तिका संपूर्णतः आज्ञार्थात बोलते: हे येथे लावा, ते तेथे लावा. पण यंत्रशास्त्राचा जीव संकेतार्थात आहे. मोठे चाक हँडलवर असते, तर दोर कितीतरी अधिक वेगाने गुंडाळला गेला असता, पण हाताला तितकेच अधिक जड गेले असते. माझ्या नातवाच्या हाताने हा संकेतार्थ प्रत्यक्ष अनुभवला होता. पट्ट्या वाकल्या तो क्षण म्हणजेच ते वाक्य होते. परंतु त्या अनुभवाला वाक्य न मिळाल्यामुळे तो चूक म्हणून जमा झाला, ज्ञान म्हणून नव्हे. चित्राशी पडताळून त्याने चूक दुरुस्त केली आणि विषय मिटला.

मग हे वाक्य कोणत्या शब्दांत यावयाचे? येथे आपल्या भाषांची दुविधा उघडी पडते. पाठ्यपुस्तकाच्या एका अंगाला ‘दंतचक्र’, ‘परिबल’ हे शब्द आहेत. ते शुद्ध आहेत, नेमके आहेत आणि घरात कोणी उच्चारत नाही. दुसऱ्या अंगाला त्याच पुस्तकात तरफेच्या पाठात ‘टेकू’ हा शब्द येतो आणि मूल तो सहज उचलते, कारण पडवीच्या वाशाला दिलेला टेकू त्याने किंवा त्याच्या आजीने पाहिलेला असतो. गॅरेजमध्ये तिसरीच भाषा आहे. तेथे स्क्रूला ‘आटे’ असतात, वॉशरचा ‘वायसर’ झालेला आहे, पाना घट्ट ‘आवळायचा’ असतो. ‘वायसर’ला अपभ्रंश म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या शब्दाने आपल्या भाषेचे नागरिकत्व श्रमाने मिळविले आहे, समितीच्या ठरावाने नव्हे.

आणि या सर्वांच्या मागे बैलगाडीची आणि विहिरीची जुनी भाषा आहे. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव, मधला आस. विहिरीवरचे मोटेचे चाक, त्यावरून जाणारा नाडा, आणि बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धावच. एकाच शब्दात चाकाची कड आणि बैलांची वाट सामावणारी ही भाषा यंत्राच्या बाबतीत मुकी होती असे कोण म्हणेल? मोलस्वर्थने आपल्या कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) असे कारागिरीचे शब्द आस्थेने टिपले आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’मध्ये (1915) सुतार-लोहारांचे जग आले आहे. प्रगतीला ‘खीळ’ बसते असे आपण अजूनही लिहितो. मात्र खीळ म्हणजे काय हे विचारले तर पदवीच्या वर्गात शांतता पसरते, हा माझा अनुभव आहे. यंत्राचे शब्द आपण गमावले नाहीत, त्यांचे रूपक करून टाकले आणि वस्तू विसरलो.

मोटेची परिभाषा पुन्हा प्रचारात आणावी असा माझा आग्रह नाही; तो भाबडेपणा ठरेल. आग्रह आहे तो गद्याचा. कृती सांगणारे, ती का करावयाची ते सांगणारे, आणि न केल्यास काय होते तेही सांगणारे गद्य मराठीला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. ते स्वयंपाकघरात अत्यंत समृद्ध अवस्थेत आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 सालची. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे घेतली आणि नवशिक्या हाताला धीर दिला. पाक दोन तारी झाला की नाही हे कसे ओळखावे, तो पुढे गेला तर वडी कशी भुगा होते, हे सांगणारी वाक्ये पाकशास्त्राच्या मराठीत जागोजागी भेटतात, आणि ती निखळ संकेतार्थी वाक्ये आहेत. द्रव्याचे गुणधर्म, उष्णता, काळ यांविषयीचे इतके काटेकोर गद्य ज्या भाषेत आहे, त्या भाषेला दातेरी चाक जड जाण्याचे कारण नाही. जे बायकांनी चुलीजवळ साधले ते शिकल्यासवरल्या पुरुषांनी कारखान्याजवळ का साधले नाही, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

एक मोठा अपवाद येथे नोंदविला पाहिजे. लोखंडी नांगर बनविणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे गृहपत्र म्हणून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे मराठीतील एका प्रमुख मासिकात रूपांतर झाले. कथा, निबंध आणि विचार यांचे हे मासिक ओतशाळेच्या शेजारी जन्मले, ही गोष्ट आपले वाङ्मयेतिहास एका ओळीत उरकतात आणि पुढे कथेकडे वळतात. ‘सृष्टिज्ञान’ 1928 पासूनचे, मराठी विज्ञान परिषद 1966 सालची. त्यांचे कार्य मोठे आहे. परंतु ‘विज्ञान समजावून सांगणारे’ गद्य आणि ‘हातात वस्तू असताना बोलणारे’ गद्य यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वाचकाची बोटे गुंतलेली असतात, पुस्तक उघडे पालथे पडलेले असते, आणि वाक्य लांबले तर नट हातातून सुटतो.

या दुसऱ्या प्रकारच्या गद्याचा उत्तम नमुना मला मराठीत नव्हे तर हिंदीत भेटला. मध्य प्रदेशात 1972 साली सोळा माध्यमिक शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके उत्तरे सांगत नाहीत. करावयास लावतात आणि मग विचारतात. तो कार्यक्रम 2002 साली शासनाने बंद केला. पुण्याच्या एका मोटार कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1970 च्या दशकाच्या अखेरीस रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले. तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या यांतून त्यांनी जणू गरिबांचा मेकॅनो तयार केला: ट्यूबचा तुकडा हा सांधा, काडी ही पट्टी. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि त्यांची पुस्तके अनेक भारतीय भाषांत गेली. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे वापरून बालशिक्षण उभे केले होते. साधन स्वस्त करण्याची ही परंपरा आपल्याकडे आहे, आणि तिचा गौरव झालाही आहे. साधनाबरोबर आलेल्या वाक्यांकडे मात्र साहित्याचा अभ्यासक अद्याप वळलेला नाही.

तो का वळावा, याचे उत्तर आपल्याच प्राचीन वाङ्मयात आहे. शुल्बसूत्रे ही काय आहेत? दोरी ताणा, खुंटी रोवा, खूण करा: वेदी रचणाऱ्याला दिलेल्या त्या कृतीच्या सूचनाच आहेत. बौधायनाने ज्या आयतांची उदाहरणे दिली आहेत त्यांत तीन आणि चार बाजूंचा आयत आहे. त्या सूत्रांना आपण वाङ्मयाच्या इतिहासात सन्मानाने स्थान देतो, कारण ती जुनी आहेत. त्यांचा आजचा वंशज मात्र आपल्या लेखी कागदाचा चिटोरा. बंगाली, तमिळ, असमिया, मराठी घरांत एकाच तऱ्हेची निःशब्द पुस्तिका जाते. त्या प्रत्येक भाषेतील कृतिगद्याची परंपरा काय, ती कोठे खंडित झाली, कारागिराचे शब्द कोठे टिकले, हा तौलनिक अभ्यासाचा विषय भारतीय भाषांच्या विभागांनी घेण्याजोगा आहे. कादंबरीवरील एखादा प्रबंध कमी झाला तर फारसे बिघडणार नाही.

केवळ उपदेश करून थांबणे मला बरे वाटले नाही, म्हणून नातवासाठी मी दोन पाने लिहिली. त्यांतील एक उतारा नमुन्यादाखल देतो. त्यातले दोष वाचकांनी पदरात घालावेत.

‘चार भोकांच्या दोन पट्ट्या आणि पाच भोकांच्या दोन पट्ट्या घ्या. टोकांना बोल्ट लावून त्यांचा आयत करा. बोल्ट फार आवळू नका. आता एक कोपरा बोटाने ढकला. आयत लवंडतो. पट्ट्या तेवढ्याच आहेत, पण आकार टिकत नाही. आता सहा भोकांची पट्टी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर तिरकी लावा. पुन्हा ढकला. हलतो का? ती पट्टी काढा आणि त्याच दोन कोपऱ्यांना दोरा ताणून बांधा. एकदा उजवीकडून ढकला, एकदा डावीकडून. एका बाजूने आयत अडतो, दुसऱ्या बाजूने लवंडतो. दोरा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. पुलावरून जाताना तिरक्या तुळया पाहा. त्यांतल्या कोणत्या जागी साखळी लावली असती तरी चालले असते?’

हा उतारा लिहिताना मला चार वेळा कागद फाडावा लागला. पहिल्या खर्ड्यात ‘कर्ण’ हा शब्द होता. तो गेला आणि ‘तिरकी’ आले. ‘ताण’ आणि ‘दाब’ यांची व्याख्या दिली होती. तीही गेली, कारण दोऱ्याने ती अधिक चांगली दिली. पट्ट्यांची लांबी मी भोकांच्या संख्येने सांगितली, तेव्हा ध्यानात आले की चार भोकांत अंतरे तीन असतात, पाचांत चार आणि सहांत पाच. म्हणजे बौधायनाचाच आयत माझ्या टेबलावर पडलेला होता. ललित निबंध लिहिताना इतकी कसोटी लागल्याचे मला आठवत नाही.

नातवाने पान वाचले, वाचताना ओठ हालवीत. नंतर पट्ट्या घेऊन बसला. अर्ध्या तासाने येऊन त्याने तक्रार केली.

‘‘आजोबा, मी चारही पट्ट्या पाच भोकांच्या घेतल्या. चौरस झाला. पण आता तिरकी पट्टी बसतच नाही. सहाची तोकडी पडते, सातची लांब होते. भोकावर भोक येत नाही.’’

‘‘मग काय केलंस?’’

‘‘सगळ्या पट्ट्या लावून बघितल्या. एकही बसत नाही. कुठली बसली असती?’’

त्याच्या वाक्यातील क्रियापद ऐकून मला झालेला आनंद त्याला कळण्याचे कारण नव्हते. तो उत्तरासाठी थांबला होता, आणि दोनाच्या वर्गमुळाविषयी घरात वापरता येईल असे एकही मराठी वाक्य मजजवळ तयार नव्हते. तिसरे पान मी त्याच रात्री लिहावयास घेतले. ते अजून पुरे झालेले नाही. दरम्यान दुसऱ्या पानावर ज्या एका ठिकाणी सवयीने ‘दंतचक्र’ राहून गेले होते, तेथे त्याने पेन्सिलीने काट मारून वर ‘दात्यांचं चाक’ असे लिहून ठेवले आहे.